वीस पानांच्या रिपोर्टात नसलेला आकडा

पत्र थोडक्यात असं: रावेर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५३. घरी केळी, थोडा कापूस. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा ताईंना पाठ; यजमान ५९ वर्षांचे, मुलगा पुण्यात नोकरीला. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतात, "तशी रोज नाही, पण निंदणी-वेचणीच्या दिवसांत रोजच." सकाळी मशेरी लावतात. त्यांची माय ५८ व्या वर्षी लकव्याने गेली. दिवाळीनंतर मुलाने पुण्यातूनच 'फुल बॉडी चेकअप' बुक केलं. एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि मोबाइलवर वीस पानांचा रिपोर्ट आला. त्यात पाच आकडे लाल अक्षरांत होते: हिमोग्लोबिन १०.२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४६, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ५.९, व्हिटॅमिन डी १४. तेव्हापासून घरात रोज वेगळा सल्ला. मेडिकलवाल्याने थायरॉइडची गोळी आणि व्हिटॅमिनची पाकिटं दिली. नणंद कारल्याचा रस पाजते. मुलगा म्हणतो पुण्याला ये, स्पेशालिस्टला दाखवू. यजमान म्हणतात, "दवाखान्याची पायरी चढलं की रोग निघतोच, डिलीट कर ते." आणि पत्राच्या अगदी शेवटी: "मागे ग्रामपंचायतीत आशाताईने बीपी पाहिलं होतं, १५८/९६ सांगितलं. पण मी बागेतून घाईघाईत आले होते, म्हणून ते मी धरलं नाही. मायसारखंच माझं होणार असेल तर एवढा खर्च कशाला करायचा? आणि करायचाच तर ऐकू कोणाचं?"

ताई,

तुमच्या पत्रात त्या पाच लाल आकड्यांनी सगळी जागा घेतली आहे. मी मात्र थांबलो ते तुम्ही न धरलेल्या आकड्यापाशी. १५८/९६.

हा आकडा तुमच्या वीस पानांत कुठेच नाही. असणारही नाही, कारण घरी आलेला मुलगा फक्त रक्त घ्यायला आला होता. त्याने बीपी पाहिलं नाही, कमरेला टेप लावली नाही, तोंड उघडून पाहिलं नाही, तुमच्या मायला काय झालं होतं ते विचारलं नाही आणि गुडघ्यासाठी काय घेता तेही विचारलं नाही. त्याचं ते कामच नव्हतं. पण त्या पॅकेजच्या नावात 'फुल बॉडी' आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा समज झाला की ताईंची पूर्ण तपासणी झाली. ती अजून व्हायची आहे.

लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी हे आहे. तुमची माय लकव्याने गेली, तीही साठीच्या आत. म्हणजे तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आकडा ग्रामपंचायतीत फुकट मोजला गेला आणि बाजूला पडला, आणि ज्यांना तेवढी घाई नाही असे आकडे पैसे देऊन घरी आले आणि तुमची झोप उडवून बसले. तुमच्यासारखी पत्रं मला यावल-चोपड्यापासून शहाद्यापर्यंतच्या गावांतून येतात आणि बहुतेकांत हीच अदलाबदल असते. छापून आलेलं ते खरं, आशाताईने तोंडी सांगितलेलं ते असंच, असं आपण धरून चालतो. तुमच्या आशाताईने त्या दिवशी नेमकं बरोबर काम केलं होतं.

तुमची शंका चुकीची नाही हेही सांगतो. उन्हातून घाईत आल्याबरोबर बीपी पाहिलं तर ते चढलेलं दिसू शकतं, आणि एका आकड्यावरून कोणालाही बीपीचा पेशंट ठरवू नये. पण शंका आली तर नीट बसून पुन्हा मोजायचं. आकडा सोडून द्यायचा नाही.

तर आधी ते मोजणं. मुलाला तुमच्यासाठी काहीतरी करायचं आहे, त्याला सांगा की पुण्याचं तिकीट काढण्याआधी दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन पाठव. मनगटाचं नको, दंडाचंच. दीड-दोन हजारांत चांगलं मिळतं. पट्टा तुमच्या दंडाला पुरेल असा मागवायला सांगा. लहान पट्टा आवळून बांधला तर आकडा खोटा वाढतो. मोजायची रीत अशी. सकाळी उठून लघवीला जाऊन या. चहा नको, मशेरी नको; दोन्हीनंतर अर्धा तास तरी जाऊ द्या. खुर्चीवर पाठ टेकून बसा, पाय जमिनीला टेकलेले, मांडी घातलेली नको, पायावर पाय नको. पाच मिनिटं नुसतं बसा. ही पाच मिनिटं आपल्या घरांत बाईला मिळत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो: त्या वेळात सासूबाईंनी हाक मारली तर यजमान उठतील. पट्टा उघड्या दंडावर बांधा. ब्लाउजची बाही वर सरकवून तिचा पीळ दंडात रुतला असेल तर आकडा चुकतो, त्यापेक्षा सैल बाहीचा गाऊन घाला. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. असं सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी वरचा १३५ किंवा खालचा ८५ इतकी किंवा त्याच्या पुढे गेली तर बीपी वाढलेलं आहे असं धरतात. दवाखान्यात मोजलं तर हीच हद्द १४०/९० आहे.

मशीन यायला वेळ असेल तर त्यासाठी थांबू नका. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगवेगळ्या दिवशी जाऊन मोजून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत. आणि मधेच कधी आकडा १८०/१२० च्या घरात गेला, आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, डोकं फुटेल असं दुखणं किंवा दिसायला कमी होणं असलं, तर सात दिवस मोजत बसायचं नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

आता गुडघ्याची गोळी. तुम्ही ती पत्रात जाता जाता लिहिली आहे. मला ती तुमच्या सगळ्या पत्राची किल्ली वाटते.

मेडिकलमधून दुखण्यावर मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं. ही औषधं वाईट नाहीत, पण आठवडेच्या आठवडे घेतली तर तीन गोष्टी करतात. बीपी वाढवतात, आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिचा गुण कमी करतात. पोटाच्या आतल्या अस्तराला इजा करतात, त्यातून थोडं थोडं रक्त जात राहतं, बाईला पत्ताही लागत नाही. आणि किडनीवर ताण आणतात, त्यातही शरीरात पाणी कमी असताना जास्त. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो. त्या उन्हात बागेत दिवस काढायचा, पाणी कमी प्यायचं, कारण शेतात बाईमाणसाला लघवीला जायला आडोसा नसतो, आणि संध्याकाळी गुडघ्यासाठी ही गोळी घ्यायची. किडनीसाठी यापेक्षा वाईट जोडी नाही. तुमच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) काळ्या अक्षरात आहे का ते पाहा. असेल तर चांगलंच. डॉक्टरांना लघवीतल्या प्रथिनांची तपासणीही करायची का ते विचारा.

आणि मेडिकलवाला किंवा गावातला कोणी 'डॉक्टर' पट्टी न दाखवता सुट्या गोळ्या पुडीत बांधून देत असेल तर त्या आजच बंद करायला नकोत, पण उद्याच डॉक्टरांना दाखवायला हव्यात. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. ते गुडघ्याला जादूसारखा आराम देतं आणि मागून बीपी, शुगर आणि हाडं बिघडवतं. खूप दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडणंही धोक्याचं असतं, म्हणून दाखवून सोडायचं.

इथून तुमच्या पहिल्या लाल आकड्याकडे येऊ. हिमोग्लोबिन १०.२. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं म्हणतात. आपल्याकडे बायकांचं रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की कोणी त्यावर बोलत नाही, "बाईमाणसाचं असतंच" म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन मोकळे होतात. पण ताई, तुमची पाळी जाऊन दोन वर्षं झाली. महिन्याला रक्त जाण्याचं कारण राहिलं नाही. मग रक्त कमी का, हा प्रश्न विचारायलाच हवा. शौचाला काळसर, डांबरासारखं होतं का? पोटात जळजळ होते का? वजन आपोआप उतरलंय का? हे आधी डॉक्टरांना सांगा आणि लोहाच्या गोळ्या त्यानंतर सुरू करा, कारण त्या गोळ्यांनीही शौच काळी होते आणि मग खरं कारण झाकलं जातं. घरात शुद्ध शाकाहार असेल तर बी-१२ ही पाहायला सांगा. मला वाटतं, तुमच्या पाच लाल आकड्यांत खरोखर लवकर पाहायचा असा हा एकच आहे.

एचबीए१सी ६.२ म्हणजे शुगर काठावर, ५.७ ते ६.४ ही काठावरची पट्टी आहे, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. पण लोह कमी असताना हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. म्हणून सकाळी उपाशीपोटीची शुगर वेगळी तपासून घ्या. १०० च्या आत आली तर उत्तम, १०० ते १२५ काठावरची, १२६ किंवा वर आली तर पुन्हा एकदा करून खात्री करायची. (नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या वाचकांनी हे खास लक्षात ठेवावं: घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर एचबीए१सीवर एकट्यावर विसंबू नका, डॉक्टरांना आधी सांगा.) कारल्याच्या रसाने सहसा नुकसान नाही, पण त्याने हे काम होणार नाही. शेतावर दिवसभरात जो साखरेचा चहा होतो तो निम्म्यावर आणलात तर फरक दिसेल. घरचं केळं सोडू नका. शिकरणात वरून पडणारी साखर सोडा.

थायरॉइडची गोळी मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून सुरू करू नका. टीएसएच ५.९ हे थोडंसं वाढलेलं आहे. ते दोन-तीन महिन्यांनी टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) सोबत पुन्हा पाहायचं असतं, बऱ्याच जणींचं आपोआप जागेवर येतं, आणि त्रास नसेल तर १० च्या आत सहसा गोळी लागत नाही. व्हिटॅमिन डी कमी आहे, ते भरून काढता येईल, पण पाकिटं किती आणि किती आठवडे हे डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. तेही जास्त झालं तर अपाय करतं. एलडीएल १४६ साठी गोळी घ्यायची की नाही हे एकट्या त्या आकड्यावर ठरत नाही. तुमचं वय, बीपी, शुगर, तंबाखू आणि मायचा लकवा हे सगळं मिळून ठरतं. म्हणून बीपीचे सात दिवस झाल्यावरच तो विषय काढा.

तंबाखू म्हटलं आणि तुम्हाला वाटलं असेल, मी कुठे तंबाखू खाते? मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ती दाताला लावली तरी निकोटिन रक्तात जातं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तोच. सुटायला वेळ लागतो हे मी जाणतो, सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं कितीतरी बायका सांगतात. १८०० ११ २३५६ हा केंद्र सरकारचा तंबाखू सोडवण्यासाठीचा मोफत फोन आहे. तोवर एवढं करा: आंघोळीआधी आरशासमोर उजेडात तोंड उघडा, गाल आतून बोटाने ओढून पाहा, जीभ वर करून खाली पाहा. पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा तीन बोटं उभी आत जात नसतील इतकं तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर दुखत नसलं तरी दाखवायचं. यजमान तंबाखू-गुटखा खात असतील तर त्यांचंही तोंड पाहा.

आता बायकांच्या दोन तपासण्या, ज्या तुम्ही पत्रात लिहिल्या नाहीत आणि बहुतेक कोणीच लिहीत नाही. सरकारच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी बीपी, शुगर आणि तीन कॅन्सरची तपासणी आहे: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. आशाताई जो फॉर्म भरून घेतात, ज्यात तंबाखू आणि कमरेचं माप विचारतात, तो याचसाठी. कमरेचं माप बाईसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० च्या आत असलेलं बरं. स्तनांची तपासणी डॉक्टर किंवा शिकलेली नर्स हाताने करते. तुमच्या वयात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करायची का, किती वर्षांनी, तेही विचारून घ्या. गर्भाशयाच्या मुखासाठी आपल्याकडच्या केंद्रांत व्हिनेगरसारखं औषध लावून पाहतात. पण पाळी गेल्यावर तो भाग आत सरकलेला असतो आणि ती तपासणी तितकी भरवशाची राहत नाही. तुमच्यासाठी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी (त्या भागाचा नमुना घेऊन करायची) जास्त बरी. काही मिनिटांचं काम आहे, बाई डॉक्टर मागायचा तुम्हाला हक्क आहे, सोबत आशाताई येऊ शकतात. आणि पाळी गेल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी "उष्णता पडली" म्हणून बसायचं नाही.

डोळ्यांचं एका वाक्यात सांगतो: चाळिशीनंतर काचबिंदू न दुखता नजर खातो, म्हणून डोळ्यांचा दाब आणि मागचा पडदा तपासून घ्या, नुसता चष्म्याचा नंबर नको.

"मायसारखंच माझं होणार असेल तर", हे तुम्ही लिहिलं ते वाचून मला थांबावंसं वाटलं. एक विचारतो. तुमच्या मायचं बीपी कोणी कधी मोजलं होतं? तिला गोळी चालू होती? मला वाटतं, दोन्हीचं उत्तर नाही असं असेल. त्या पिढीतल्या बायकांचं बीपी पहिल्यांदा मोजलं गेलं ते लकवा आल्यावर, दवाखान्याच्या खाटेवर. आईला लकवा झाला तर मुलीला धोका जास्त हे खरं. पण त्या धोक्याचा मोठा वाटा बीपीतून येतो, आणि बीपी स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात राहतं. तुम्ही मायच्या वयाच्या जवळ येताय म्हणून मनात हे घोळतंय, ते मला समजतं. पण तिच्या हातात जे नव्हतं ते तुमच्या हातात आहे.

यजमानांशी भांडू नका. "पायरी चढलं की रोग निघतो" असं म्हणणाऱ्या माणसामागे सहसा घरात कधीतरी एखाद्या आजारपणात गेलेली जमीन किंवा काढलेलं कर्ज असतं. केळीचा भाव कधी उतरेल याचा नेम नसताना दवाखान्याची धास्ती वाटणं चुकीचं नाही. त्यांना उलट हिशेब दाखवा. तुम्हाला सध्या लागणारं बहुतेक सगळं, म्हणजे बीपी, उपाशीपोटीची शुगर, हिमोग्लोबिन, तोंडाची आणि स्तनांची तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात होतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्याही तिथून मिळतात. पुढे काही मोठं निघालंच तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण त्यासाठी कागद आधी जुळवून ठेवा. रेशन कार्डावर आणि आधारवर नाव वेगवेगळं असेल तर ते आताच दुरुस्त करा. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांचं आयुष्मान कार्ड उत्पन्न न पाहता निघतं. पॅकेजला जे पैसे गेले त्यात हे सगळं होऊन मशीनही आलं असतं.

आणि मशीन घरात आलं की यजमानांचाही दंड पुढे करायला सांगा. "माझं पाहून झालं, तुमचं पाहू" एवढंच म्हणा. साठीच्या उंबरठ्यावरच्या, दवाखाना टाळणाऱ्या पुरुषाची मला तुमच्याइतकीच काळजी वाटते.

ऐकू कोणाचं, हा तुमचा प्रश्न. मला तो प्रश्न थोडा बदलून हवाय. सासूबाईंची सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती, संपायला किती दिवस उरलेत, हे तुम्हाला पाठ आहे, असं तुम्हीच लिहिलंय. घरातल्या औषधपाण्याचा कारभार तुम्हीच करता. त्या कारभारात तुमचं स्वतःचं नाव नाही, म्हणून बाकीचे सगळे सल्ला द्यायला मोकळे आहेत. एक वही घ्या, त्यात पहिल्या पानावर तुमचं नाव, वय, मायला काय झालं, कोणत्या गोळ्या घेता. पुढच्या पानांवर बीपीचे आकडे तारखेसह. मग एक डॉक्टर ठरवा. आरोग्य केंद्रातले असोत की तालुक्याच्या गावी खासगी बसणारे एमबीबीएस किंवा एमडी, पण एकच, जे वर्षानुवर्षं तीच वही पाहतील. पुण्याच्या स्पेशालिस्टची गरज पडलीच तर ते या डॉक्टरांनी सांगू दे. मुलाला फोनवर हेच सांगा, तो नाराज होणार नाही.

डॉक्टरांसमोर बसलात की रिपोर्ट आधी पुढे करू नका. तो दिला की बोलणं त्या लाल आकड्यांवरच फिरत राहतं. आधी सांगा: "माझी आई ५८ व्या वर्षी लकव्याने गेली. माझं बीपी एवढं येतंय. गुडघ्यासाठी या गोळ्या घेते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि हिमोग्लोबिन १०.२ आहे." गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घेऊन जा. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉलवर भागेल का, ते विचारा. आणि खुर्चीवर बसून एक पाय सरळ उचलायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली ठेवायचा, हा व्यायाम शिकून घ्या. मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. "दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला" असं वाटेल. शेतातलं काम व्यायामात धरतात, पण निंदताना गुडघे दुमडून बसणं हे गुडघ्याला त्रासाचंच आहे.

बीपीची गोळी लागली तर घाबरू नका आणि चांगलं वाटू लागलं म्हणून थांबवूही नका. उन्हाळ्यात बीपी थोडं उतरतं, घामाने पाणी जातं, उठताना चक्कर येऊ शकते. तेव्हा आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, लागलं तर डोस ते कमी करतील. मिठाचंही एक सांगतो. उन्हात राबणाऱ्याला मीठ जास्त लागतं असं आपल्याकडे म्हणतात, पण दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, हे सगळ्या पदार्थांतलं मिळून पुरतं, आणि आपण त्याच्या पुढेच असतो. शेव, पापड, बिबडे, लोणचं, ठेचा यातलं रोज ताटात किती येतं ते पाहा. भरीत-कळण्याची भाकर खुशाल खा, सोबतीला लोणच्याऐवजी कांदा-काकडी घ्या.

शेवटी एक काम, जे तुम्ही नाही, घरातल्या बाकीच्यांनी करायचं आहे. तुमच्या तालुक्यात किंवा जवळच्या मोठ्या गावात रात्रीही सीटी स्कॅन चालू असलेला दवाखाना कोणता, हे यजमानांनी या आठवड्यात जाऊन विचारून यावं आणि त्याचा नंबर दाराजवळ लिहून ठेवावा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात वर न राहणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही घरात कोणालाही झालं, मग तुम्ही असा, सासूबाई असोत की ते स्वतः, तर तेल चोळत बसायचं नाही, तोंडात पाणी की गोळी काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा, किंवा दारात गाडी असेल तर तीच काढायची आणि सरळ त्या दवाखान्यात जायचं. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला प्रत्येक मिनिट मोजला जातो. कधी सुरू झालं ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवायची, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.